वस्तीची गाडी, नलारबॉरमार्गे

नकाशा जेवणाच्या टेबलावर मावेना, म्हणून जमिनीवर अंथरला. नवऱ्यानं लाल पेनानं ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेतल्या ॲडलेडपासून मध्यावरच्या उलुरूच्या खडकापर्यंत रेघ ओढली, तिथून परत खाली, मग पश्चिमेला पर्थ आणि पर्थवरून वर थेट एक्समाउथ. मग त्यानं मोठ्या आशेनं बाबांकडे बघितलं. बाबा चष्मा पुसत होते.

"जावईबापू, ह्यात आगारं कुठं कुठं आहेत?"

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. साताऱ्याच्या स्टँडवर माइक हातात घेऊन त्यांची उमेदीची वर्षं गेली. स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, पण कुठली गाडी कुठं, किती वाजता आणि कुणाच्या ड्युटीवर असावी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आई-बाबा आमच्याकडे ॲडलेडला आले. नवरा एप्रिलपासून ह्या प्रवासाच्या गप्पा मारत होता. गप्पाच. त्याच्या फोनमध्ये जतन केलेल्या जागांची यादी चारशेच्या पुढं गेली होती आणि एकही रात्र बुक झालेली नव्हती.

बाबांनी लेकीची जुनी वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर हिशोब मांडला. ॲडलेड ते उलुरू सोळाशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन बत्तीसशे. ॲडलेड ते पर्थ सत्तावीसशे, पुढं एक्समाउथ साडेबाराशे. ते जाऊन-येऊन एकोणऐंशीशे. एकूण अकरा हजार शंभर. हातात दिवस एकोणीस. "म्हणजे रोज 584 किलोमीटर, एकही दिवस न थांबता. एवढी ड्युटी लावली असती तर युनियननं माझ्या टेबलावर चढून घोषणा दिल्या असत्या."

त्यांची पद्धत उलटी होती. आधी दिवस मोजायचे, त्यातून बसायचे दिवस वजा करायचे आणि उरलेल्यांना चारशे किलोमीटरनं गुणायचं. कुठल्याही दिवशी पाचशेच्या वर जायचं नाही. सात दिवस बसायचे, बारा चालायचे. बारा चोक अठ्ठेचाळीस. "अठ्ठेचाळीसशे किलोमीटरमध्ये काय बसतं ते सांगा. बाकीचं खोडा."

खोडताना नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. उलुरू गेलं. एक्समाउथ सोडायला तो तयार नव्हता, पण तिथं त्याला ज्यांच्याबरोबर पोहायचं होतं ते व्हेल शार्क साधारण मार्च ते जुलै असतात आणि आम्ही निघणार सप्टेंबरअखेर. तेही गेलं. मग त्यानं ऊडनाडाटा ट्रॅक पुढं केला. मरी ते मार्ला, सहाशेहून जास्त किलोमीटर कच्चा रस्ता. आउटबॅक, म्हणजे इथला आतला ओसाड मुलूख, म्हटला की लाल माती, तिच्याशिवाय कसलं आउटबॅक, हे त्याचं म्हणणं. पण पाऊस पडला की तो रस्ता बंद करतात आणि उघडेपर्यंत जिथं आहात तिथंच मुक्काम. पाठीमागच्या सीटवर सत्तरीतले दोघं असताना हा जुगार मला नको होता. त्या दिवशी घरात जरा वाजलं.

उरलं ते नलारबॉर. पोर्ट ऑगस्टाहून पश्चिमेला निघणारा आयर हायवे, सेडूनामार्गे पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा ओलांडून नॉर्समन, तिथून खाली दोनशे किलोमीटरवर समुद्रकाठचं एस्परन्स. येताना सेडूनाहून आयर द्वीपकल्पाच्या किनाऱ्यानं स्ट्रीकी बे, कॉफिन बे, पोर्ट लिंकन करत घरी. एका बाजूला झाड नसलेलं माळरान आणि दुसऱ्या बाजूला दक्षिणेचा समुद्र. नलारबॉर हे नावच लॅटिनमधलं आहे, 'एकही झाड नाही' अशा अर्थाचं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग बघायचं काय?"

देवमासे बघायचे होते. हेड ऑफ बाइट नावाच्या जागी इथल्या हिवाळ्यात सदर्न राइट जातीचे देवमासे पिल्लं घालायला येतात. जून ते सप्टेंबर भर असतो, ऑक्टोबर लागला की ते दक्षिणेकडे परततात. म्हणजे जितकं लवकर निघू तितकं बरं. पण पितृपंधरवड्यात निघायचं नाही, यावर आई ठाम. सर्वपित्री 21 सप्टेंबरला. शाळेला सुट्टी लागणार 26 तारखेला संध्याकाळी, आणि 13 ऑक्टोबरला शाळा पुन्हा सुरू. पितर म्हणतात थांबा, देवमासे म्हणतात निघा, शाळा म्हणते गैरहजेरी लागेल. शेवटी बुधवार, 24 सप्टेंबर ठरला. लेकीचे तीन दिवस बुडाले आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. ह्या एका तारखेनं निम्मा आराखडा आपोआप झाला, कारण देवमाशांसाठी आधी पश्चिमेकडं सरळ पळायचं आणि किनारा रमतगमत परतताना करायचा, हे आता उघड होतं.

डिझेलबद्दल आम्ही सगळ्यात जास्त घाबरलो होतो, आणि तिथं घाबरण्यासारखं सगळ्यात कमी होतं. बाबांनी रोडहाउसांची, म्हणजे हायवेवरच्या पंप-खानावळ-खोल्या असलेल्या थांब्यांची, यादी मागितली आणि मधली अंतरं लिहून काढली. सेडूनाहून पनाँग 73, नंड्रू 78, नलारबॉर रोडहाउस 145, बॉर्डर व्हिलेज 187, युक्ला 12, मंड्राबिला 65, माडुरा 116, कॉकलबिडी 91, केगूना 65, बॅलडोनिया 182, नॉर्समन 191. बेरीज 1,205. बाबा वहीकडं बघतच राहिले. "अगं, सगळ्यात लांबचा टप्पा 191. हे तर साताऱ्याहून मुंबईपेक्षा कमी. मग तुम्ही दोघं ते डबडे कसले भरून नेताय?"

त्यांचं बरोबरच होतं. दोन पंपांमधलं अंतर इथं भीतीचं नाहीच. भीती असते ती समोरून येणाऱ्या वाऱ्याची. पश्चिमेकडून वारा सुटला की टपावर सामान लादलेली गाडी डिझेल पाण्यासारखं पिते. आमची टाकी एरवी आठशे किलोमीटर सहज नेते, भर वाऱ्यात सहाशे धरायचे असं ठरवलं. शिवाय एखाद्या ठिकाणचा पंप नेमका बंद निघाला तर? म्हणून बाबांचा नियम असा की अर्धी टाकी झाली की पुढं जायचं नाही, भरायची, भाव कितीही असो. आणि भाव असतोच. शहरातल्या भावाशी तुलना करायचीच नाही, असं आम्ही आधीच एकमेकांना बजावून ठेवलं. वीस लिटरचा एक कॅन मात्र बरोबर घेतला, त्यावर बाबांनी डोळे मिटून घेतले.

खरी अडचण पाण्याची होती. ही सगळी चुनखडीची जमीन. पाऊस पडतो तो भेगांतून खाली मुरतो, त्यामुळं हजार किलोमीटरमध्ये एक नदी ओलांडावी लागत नाही. रोडहाउसांनाच पाणी जपून वापरावं लागतं, तिथं कॅन पुढं करून 'जरा भरून द्या' म्हणता येत नाही. 1841 मध्ये एडवर्ड जॉन आयर ह्याच किनाऱ्यानं चालत गेला. तिथल्या मूळ रहिवाशांनी वाळूच्या टेकड्यांत कुठं खणायचं ते दाखवलं म्हणून त्याला पाणी मिळालं. एका टप्प्यात तर तो पानांवरचं दव स्पंजानं टिपून पीत होता. हे मी जेवताना वाचून दाखवलं आणि लगेच पश्चात्ताप झाला, कारण आईनं पाण्याचा आकडा तिथल्या तिथं दुप्पट केला. माझा हिशोब होता माणशी रोज पाच लिटर, पाच माणसं, तीन दिवस, म्हणजे पंचाहत्तर. आई म्हणाली दीडशे. तडजोड म्हणून वीस-वीस लिटरचे चार कॅन ठरले.

ऐंशी लिटर म्हणजे ऐंशी किलो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते वजनकाट्यानं डोक्यात घातलं.

निघण्याआधी दोन आठवडे आम्ही सगळं सामान भरून, पाच माणसं बसून, कचरा केंद्राच्या वजनकाट्यावर गाडी घातली. हे कुणी करत नाही. मीही केलं नसतं, पण बाबांना टपावरच्या सामानाचा एक जुना धाक आहे. गाडीच्या पुस्तकात माणसांसकट कमाल वजन 2,990 किलो. काट्यावर आकडा आला 3,110. काट्यावरचा माणूस काही बोलला नाही, नुसत्या भुवया उचलल्या. जास्त वजन असेल तर ब्रेक उशिरा लागतो, टायर तापतात आणि अपघात झालाच तर विमा कंपनी आधी हाच आकडा विचारते. एकशे वीस किलो तर उतरवायचेच होते, शिवाय आणखी आठ-दहा किलो.

त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये जे झालं त्याला मी वाटणी म्हणेन. नवऱ्याची बिडाची कढई, जिच्यात तो निखाऱ्यावर पाव भाजणार होता, गेली. फुगवायची होडी गेली. दुसरी स्टेपनी गेली, ह्यावर तासभर चर्चा झाली. रस्ता अख्खा डांबरी असताना दोन स्टेपन्या कशाला, हा माझा मुद्दा शेवटी टिकला. मोठं टेबल, लाकडं, लेकीची सायकल, माझी पुस्तकं. आईचा पाच लिटरचा कुकर कुणी मागण्याची हिंमत केली नाही. तिनं आपणहून पोळपाट काढून दिला आणि लाटणं ठेवलं. म्हणाली, फ्रिजच्या झाकणावर लाटीन. दुसऱ्यांदा काट्यावर गेलो तेव्हा 2,965 भरले. नवरा म्हणाला, पंचवीस किलो शिल्लक आहेत, कढई घेऊ का? कुणी उत्तर दिलं नाही.

झोपायचा प्रश्न अंगणात सुटला. कुणीतरी सांगितलं होतं की तंबू आधी घरी लावून बघा. आम्ही एका शनिवारी मागच्या अंगणात रंगीत तालीम केली. मोठ्या तंबूच्या पिशवीत भलत्याच तंबूच्या काठ्या निघाल्या, ते बरं झालं. केगूनाला निघाल्या असत्या तर काय केलं असतं? पण खरी गोष्ट रात्री दोन वाजता कळली. आईला जमिनीवरून उठता येईना. गुडघे. तिनं कुणाला हाक मारली नाही, तशीच बसून राहिली, सकाळी मला कळलं. मग दोन उंच खाटा आल्या, अकरा-अकरा किलोच्या, वजनाच्या वहीत पुन्हा खाडाखोड झाली. आणि ठरलं की एक दिवसाआड छप्पर. एक रात्र तंबूत, एक रात्र कॅरॅव्हॅन पार्कच्या केबिनमध्ये नाहीतर रोडहाउसच्या खोलीत. नवऱ्याला हे थोडं बाटगं वाटलं. मला विचाराल तर म्हातारी माणसं बरोबर असताना ह्याहून शहाणा निर्णय आम्ही घेतला नाही.

बुकिंगमध्ये आम्ही एकच मोठी चूक केली. एस्परन्सजवळ केप ले ग्रँड राष्ट्रीय उद्यानात लकी बे नावाची खाडी आहे. पिठासारखी पांढरी वाळू, तीवर कांगारू येऊन बसतात. तिथल्या तंबूच्या जागांचं आरक्षण 180 दिवस आधी उघडतं, म्हणजे आमच्या तारखांसाठी एप्रिलच्या सुरुवातीलाच. आम्ही ऑगस्टमध्ये बघायला गेलो. त्यात पश्चिम ऑस्ट्रेलियातही तेव्हाच शाळांना सुट्टी. सगळं लाल. मग मी रोज सकाळी चहाबरोबर आणि रात्री झोपताना ते पान उघडायची सवय लावून घेतली. बाबा विचारायचे, "झालं का रिझर्व्हेशन? आमच्या वेळी खिडकीवर दोन जागा राखीव असायच्या." सतराव्या दिवशी कुणाचं तरी रद्द झालं आणि 30 सप्टेंबरपासून दोन रात्री मिळाल्या. दसरा 2 ऑक्टोबरला, म्हणजे तिथून निघायच्याच दिवशी. बाकी सगळं त्या दोन रात्रींभोवती रचलं. रस्त्यातल्या रोडहाउसांना सरळ फोन केले, त्यात काही सांगण्यासारखं नाही.

वेळेचा गोंधळ हा बाबांचा आवडता भाग. ॲडलेड भारताच्या बरोबर चार तास पुढं, एवढं त्यांनी आल्या आल्या पाठ केलं होतं. पण सीमेपलीकडं युक्लाच्या पट्ट्यात लोक स्वतःचं वेगळं घड्याळ लावतात, ॲडलेडच्या पाऊण तास मागं. सरकारदरबारी त्याला मान्यता नाही, तरी चालतं. केगूनाच्या अलीकडं ते संपतं आणि पर्थची वेळ लागते, आणखी पाऊण तास मागं. परतताना 5 ऑक्टोबर उलटलेला, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाचं घड्याळ एक तास पुढं गेलेलं. बाबांनी वहीत लिहिलं: जाताना दीड तास मिळाला, येताना अडीच तास गेले, एक तासाचा हिशोब लागत नाही. दोन दिवस ते त्या तासाच्या मागं होते. मग त्यांनी वहीत प्रत्येक मुक्कामासमोर दोन वेळा लिहायला घेतल्या, 'गावची' आणि 'घरची'.

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा नियम मात्र वेळ कुठलीही असो, सूर्यावर होता. संध्याकाळी कांगारू, वॉम्बॅट, उंट रस्त्यावर येतात. उंटाला धडकून गाडीचं काय होतं त्याचे फोटो नवऱ्यानं दाखवले आणि बाबांनी सगळ्या आगमनाच्या वेळा दुपारी चारच्या आत आणल्या. "वस्तीची गाडी दिवेलागणीआधी गावात पाहिजे." बॅलडोनिया आणि केगूना ह्यांच्यामध्ये 146.6 किलोमीटर रस्ता एकदाही वळत नाही. तिथं चालवणाऱ्याला झोप येऊ नये म्हणून दर तासाला चालक बदल. एसटीच्या सहा किलोमीटरच्या टप्प्यानं बाबांनी त्याचे चोवीस टप्पे केले आणि वर एक सुट्टा शेरा मारला: 'वळण नाही. वाहकानं चालकाशी बोलत राहावे.'

मोबाइलची रेंज रोडहाउसांच्या आसपास सोडली तर जवळपास नाहीच. म्हणून आपत्तीत उपग्रहाकडे संदेश पाठवणारा बीकन घेतला. तो ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे नोंदवायचा असतो, नोंदणी फुकट. प्रवासाचा आराखडाही त्या नोंदीला जोडता येतो, म्हणून बाबांच्या वहीची सहा पानं टाइप करून चढवली. ट्रकवाल्यांशी बोलायला यूएचएफ रेडिओ, चॅनल 40. सेडूना सोडल्यावर नॉर्समनपर्यंत मोठं रुग्णालय नाही, त्यामुळं बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि विम्याच्या कागदावर रक्तदाब आधीच लिहिलेला आहे ह्याची मी तीनदा खात्री केली. हायवेच्या काही सरळ पट्ट्यांवर रॉयल फ्लाइंग डॉक्टर ह्या हवाई वैद्यकीय सेवेची विमानं उतरावीत म्हणून धावपट्टीच्या खुणा रंगवलेल्या आहेत. हे कळल्यावर बाबांच्या मनातली उरलीसुरली काळजी गेली. "फलाट आहे म्हणजे गाडी येणार."

खाण्याचं खातं आईकडं. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना सीमेवर गाडी तपासतात. ताजी फळं, भाज्या, मध, काही नेता येत नाही, शेतीला कीड लागू नये म्हणून. परतताना सेडूनालाही फळं-भाज्या बघतात. आईनं हे ऐकून घेतलं आणि जणू परीक्षेचा पेपर मिळाल्यासारखी कामाला लागली. पहिल्या तीन दिवसांत कांदे, बटाटे, आलं, लसूण, टोमॅटो, सगळं संपलं पाहिजे, असा तिनं जेवणांचा क्रम लावला. सीमेपलीकडं मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी, कुरडया, डाळ-तांदूळ आणि तळलेल्या कांद्याचा डबा. कढीपत्ता तव्यावर कुरकुरीत करून चुरून तेलात घातला. मोजून तेरा बटाटे घेतले. तेरावा कशाला, विचारलं तर म्हणाली, पाहुणा आला तर. शंका असेल ते सगळं एका वेगळ्या टोपलीत, वरच, म्हणजे दाखवायला सोपं.

चोवीस तारखेला सकाळी पावणेसातला निघालो. आईनं गाडीसमोर नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि गाडीला आणखी काय काय केलं. मी आत गॅस बंद आहे का ते बघत होते. किंबाला पहिला मुक्काम, मग सेडूना. हेड ऑफ बाइटला फळ्यांच्या वाटेवरून खाली बघितलं तर काठाच्या अगदी जवळ एक माय आणि तिचं पिल्लू, हलत नव्हते, नुसते तरंगत होते. आई अर्धा तास कठड्याला धरून उभी होती. नंतर म्हणाली, आता झाड नसलं तरी चालेल.

तेरावा बटाटा नलारबॉर रोडहाउसवर रस्सा भाजीत गेला. सत्तावीस तारखेला बॉर्डर व्हिलेजला गाडी तपासणीच्या रांगेत लागली तेव्हा आई ताठ बसली होती. तपासनीस बाईंनी फ्रिज उघडला, टोपली बघितली, डबे उघडून वास घेतला, तेलातला कढीपत्ता काय आहे ते विचारलं, मान डोलावली. सगळं पास. आईनं माझ्याकडं बघितलं. मग त्या बाई गाडीच्या पुढं गेल्या, वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. नवरा उतरून बघायला गेला. बंपरखाली, नंबरप्लेटच्या आड, काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या. जवळपास तेराशे किलोमीटरची धूळ बसलेलं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

नवऱ्यानं आईकडं बघितलं. आईनं खिडकीबाहेर बघितलं. दोरा कात्रीनं कापला, सगळं पिवळ्या पिशवीत गेलं आणि पिशवी डब्यात. मग नियमाप्रमाणं त्यांनी गाडी पुन्हा पहिल्यापासून तपासली.

बाबांनी वही काढली. बॉर्डर व्हिलेज, आगमन 11.10 घरची, 10.25 गावची. थांबा 35 मिनिटे. विलंबाचे कारण: लिंबू.